साडेतीन मिनिटांचं भाषण

आमच्या ह्यांना नकलांचं अंग होतं. रेडिओ केंद्रावर नोकरी. रोज हवामानाच्या बातम्या वाचायच्या आणि रविवारी सकाळी मुलांच्या कार्यक्रमात कावळा, तापट मास्तर, बहिरी म्हातारी अशी सगळी सोंगं एकट्याने वठवायची. घरीही तोच उद्योग. वरच्या मजल्यावरचे कर्नल खोकत जिना उतरायला लागले की हे आतून तस्साच खोकला काढायचे. कर्नल बिचारे थांबून वरखाली बघत बसायचे, आणि मी तोंडात पदर कोंबून हसायची.

त्यातली एक नक्कल खास होती, आजोबांची. आजोबा म्हणजे देशाचे पुढारी. वयाने थोर, वर्षानुवर्षं सत्तेवर, आणि विरोधकसुद्धा त्यांना आजोबाच म्हणायचे. त्यांचं बोलणं सावकाश असे. वाक्य संपताना आवाज खाली उतरवायचा आणि क्षणभर थांबायचं. ऐकणाऱ्याला वाटे, आपल्या डोक्यावरून कुणीतरी हात फिरवला. केंद्रावर एकाच्या निरोपसमारंभात ह्यांनी ती नक्कल केली. माणसं हसून हसून बेजार झाली. पाहुणे म्हणून आजोबांचे खासगी सचिव आले होते, ते मात्र हसले नाहीत. जाताना त्यांनी ह्यांचा पत्ता तेवढा विचारून घेतला. घरी येऊन हे म्हणाले, आता नोकरी गेली समज. पण नोकरी गेली नाही. दीड वर्ष काहीच झालं नाही, आणि आम्ही ते विसरूनही गेलो.

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, नदीकाठच्या गावात राहायच्या. नवरा दोन वर्षांपूर्वीच गेलेला. अंथरुणाला खिळलेले सासरे आणि सहा वर्षांची मुलगी, एवढाच संसार. मुलीला सगळे मैना म्हणायचे, कारण तिच्या तोंडाला खळ नसे. तिला फळ्यावरचं दिसत नाही अशी शाळेतून चिठ्ठी आली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत होते, म्हणून वन्संनी तिला आठ दिवसांसाठी आमच्याकडे धाडून दिलं.

त्याच आठवड्यात बातमी पसरली की गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणाला तडा गेलाय. धरण आजोबांनी बांधलेलं, नोटेवर त्याचं चित्र. सरकारकडून कुणी काही बोलेना. मग लोकांनी आपलं आपण ठरवलं आणि बोचकी बांधायला सुरुवात केली. रस्ते तुंबले, बसच्या टपावर माणसं चढली.

दुपारी साडेतीनला रेडिओवर सांगितलं की आजोबा देशाशी बोलणार आहेत. आमच्या दुकानात गिऱ्हाइकं होती, ती उभी राहिली. मीही चाक बंद केलं. ओल्या हातांनी उभं राहून ऐकलं. आजोबा म्हणाले, धरण भक्कम आहे, मी स्वतः इंजिनिअरांशी बोललोय, अफवांमागे धावू नका, घरी परत जा. साडेतीन मिनिटांचं भाषण. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "लेकरांना जेवू घाला आणि निवांत झोपा. मी जागा आहे." एका बाईने डोळे पुसले. माझ्याही जिवाचा घोर गेला. तो माझ्या नवऱ्याचा आवाज होता. नऊ वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचा आवाज, आणि मी तो ओळखला नाही.

पाऊण तासाने दुकानात फोन आला. वन्संचा. बसस्थानकासमोरच्या दुकानातून बोलत होत्या. सासऱ्यांना मागच्या बाकावर निजवून त्या बसमध्ये बसल्या होत्या, बस सुटायच्या बेतात होती, तेवढ्यात ड्रायव्हरने रेडिओ लावला. भाषण संपलं आणि निम्मी बस खाली उतरली. म्हाताऱ्या माणसाचे उगाच हाल, त्या म्हणाल्या, आजोबा जागे आहेत म्हणतात, मग आपण कशाला गं धावायचं? मैना तेव्हा आत दुकानाच्या मालकांसमोर बसून नव्या चष्म्याच्या काड्या कानामागे नीट बसवून घेत होती. बोलावू का, म्हणून मी विचारलं. वन्संनी नको म्हटलं, पाठीमागे रांग लागली होती. "तिला सांग, चष्मा काढून ठेवू नकोस. परवा येते न्यायला, तेव्हा मला बघायचंय कशी दिसते ते." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

सहाच्या सुमाराला हे घरी आले. चेहरा फुललेला. मैनेला शेजारी खेळायला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि मला विचारलं, "ओळखलंस?"

मला कळेना काय ओळखायचं. मग त्यांनी सगळं सांगितलं. दुपारी केंद्रावर गाडी आली. सचिव स्वतः गाडीत होते. आजोबांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय आणि इकडे लोक घाबरून एकमेकांना तुडवतायत, तेव्हा भाषण त्यांचंच आहे, फक्त वाचायला माणूस हवा, असं त्यांना सांगण्यात आलं. इंजिनिअरांच्या सह्यांचा कागदही दाखवला. त्या बंगल्यातून जाताना एक दार अर्धवट उघडं होतं. आत पलंग, नळ्या, आणि पांघरुणाखाली न हलणारं कुणीतरी. ह्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं," ते म्हणाले. "ते मी घातलं. आजोबा असते तर असंच म्हणाले असते ना? सचिवांनी पाठ थोपटली माझी."

मी वन्संच्या फोनचं सांगितलं.

माणसाचा चेहरा असा एका क्षणात विझताना मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. ते पायात काही न घालता बाहेर पळाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून गावचे तीन नंबर लावले, एकही लागेना. केंद्रावर गेले, तर त्यांना माइकपर्यंत जाऊ दिलं नाही. सचिवांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. आतून निरोप आला की काळजीचं कारण नाही. गावाकडे जाणारा रस्ता पोलिसांनी बंद केला होता, कारण सगळं आलबेल असताना कुणाला तिकडे जायची गरजच काय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला धरण फुटलं. चारशे सतरा माणसं गेली. वन्सं आणि त्यांचे सासरे एकाच खोलीत सापडले.

अकराव्या दिवशी सरकारने जाहीर केलं की आजोबा गेले, लोकांच्या दुःखाने त्यांचं काळीज फाटलं. देश ढसाढसा रडला. चौकाचौकांत पुतळे उभे राहिले. सचिव आधी मंत्री झाले, मग आजोबांच्या खुर्चीत बसले, आणि आजही तेच बसलेत.

हे तर सगळं जाहीर करायला निघाले होते. त्यांना अडवलं ते मी. मला स्वतःला बरं दाखवायचं नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते. मैना कोपऱ्यात बसून राहायची. सारखी बडबडणारी पोर, तिने बोलणंच टाकलं होतं. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही तोंड उघडलंत तर ते तुम्हाला जिवंत ठेवणार नाहीत, आणि ठेवलं तरी ही पोर मोठी होऊन तुमच्या हातचा घास खाईल का? तिला आपल्याशिवाय आहे कोण? "गप्प बसा," मी म्हटलं. "तिच्यासाठी गप्प बसा."

ते गप्प बसले. फोनचं मीही मैनेला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, आई बसमधून उतरली का? एका प्रश्नातून दुसरा निघाला असता. म्हणून तिला एवढंच सांगितलं की गावच्या तारा तुटल्या होत्या, आईशी बोलणं झालंच नाही.

ह्यांनी रेडिओ सोडला. अंधांच्या शाळेत शालेय पुस्तकं मोठ्याने वाचून टेप भरायचं काम धरलं. बाहेर नक्कल म्हणून करायची नाही, असा नेम केला. घरात मात्र मैनेपुढे बसून कावळा काढायचे, मास्तर काढायचे, वरचे कर्नल काढायचे. पाच महिन्यांनी एका सकाळी कर्नल खोकले, आणि आतून कुणीतरी बारीक आवाजात तस्साच खोकला काढला. हे तर माझ्यासमोर दाढी करत होते. आम्ही दोघं आत धावलो. मैना गालात हसत होती. ह्यांचा अर्धा चेहरा साबणाने माखलेला, तसेच ते खाली बसले आणि तिला पोटाशी धरून रडले. तिला वाटलं, मामा आनंदाने रडतोय. तेही खरंच होतं.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. मैना मोठी झाली, शिकली, सिनेमाच्या धंद्यात शिरली. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली, मग दोन स्वतःचे लहान सिनेमे. दोन्हीच्या शेवटी पाट्यांमध्ये मामा-मामीचे आभार. तिचं घर वेगळं होतं, पण रविवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. हातात वही, नाकावर घसरणारा चष्मा, आणि बोलणं अखंड चालू.

तिसऱ्या सिनेमाचं तिने वर्षभर आम्हाला काही सांगितलं नाही. मग एका रविवारी ताट सारून म्हणाली की सिनेमा धरणाचा आहे, आणि तो राजकीय रहस्यपट आहे, रडका नाही. तिला एक म्हातारी नर्स भेटली होती. त्या नर्सच्या डायरीत तारीखवार लिहिलेलं होतं की भाषणाच्या दोन दिवस आधीपासून आजोबा बेशुद्ध होते. म्हणजे रेडिओवर बोललं ते कुणी दुसरंच. सिनेमातली वार्ताहर बाई त्या माणसाला शोधते आणि शोधता शोधता सरकारच्या गळ्यापर्यंत पोचते, अशी गोष्ट होती. सगळं चित्रण उरकलं होतं. राहिलं होतं फक्त ते भाषण. मूळ टेप सरकारी कपाटातून नाहीशी झालेली, पण मजकूर त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापलेला होता. तिने तीन नकलाकार आणून पाहिले. तिघांचंही ऐकून हसू येत होतं.

"मामा, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही," ती म्हणाली. "केंद्रावरच्या एका जुन्या माणसाने सांगितलं, तू आजोबा हुबेहूब करायचास. मला कधी करून दाखवला नाहीस."

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. हे म्हणाले, आता घसा गेला. ती ऐकेना. लहानपणी खेळण्यासाठी मागे लागायची तशीच मागे लागली. शेवटी ह्यांनी विचारलं, सिनेमात त्या माणसाचं पुढे काय होतं? ती उत्साहाने सांगायला लागली. त्याला सरकारने टेकडीवर बंगला दिलेला असतो, वार्ताहर बाई तिथे जाऊन त्याला गाठते, तो गयावया करतो, मग सगळं जगासमोर येतं.

"घरी कुणी असतं त्याच्या? बायको, पोरबाळ?"

"नाही रे. असल्या माणसाला कोण असणार?"

ह्यांनी मान हलवली आणि करतो म्हणाले.

ती गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. उभ्या संसारात झालं नव्हतं असं. मी म्हटलं, आवाज द्यायचा तर द्या, पण बाकीचं पोटात ठेवा, आता एवढ्या वर्षांनी तिच्या डोक्यावरचं छप्पर काढू नका. ते म्हणाले, माझ्यात आता जागा उरली नाही. एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, आयत्या वेळी ते कच खातील. खरं सांगायचं तर मी तशी आशाच करत होते.

बुधवारी सकाळी अकराला ध्वनिमुद्रण होतं. मी त्यांच्याबरोबर गेले. स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळघरातल्या दोन खोल्या, मध्ये जाड काच. एका खोलीत माइक, उंच स्टूल, पाण्याचा पेला आणि कागद ठेवायची घोडी. दुसरीत बटणांचं लांबलचक टेबल, त्यापाशी ध्वनिमुद्रक आणि मैना. मला तिच्या मागच्या खुर्चीवर बसवलं. मैनेने ह्यांच्या कानांवर हेडफोन नीट बसवले, टोपी सारखी करावी तसे, आणि इकडे आली. समोरच्या पडद्यावर सिनेमातली बस दिसत होती, बोचकी घेतलेल्या बायका, ड्रायव्हर रेडिओचं बटण पिळतोय.

हे पहिलं वाक्य बोलले आणि ध्वनिमुद्रकाने पुढे केलेला हात तसाच मागे घेतला. त्या तळघरात आजोबा येऊन बसले होते. तीच सावकाशी, तसंच वाक्याच्या शेवटी खाली उतरणं. मैना दोन्ही हात तोंडावर धरून ऐकत होती. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ती किती खूश होती हे मला तिच्या पाठीकडूनसुद्धा दिसत होतं. कागदावरचा मजकूर संपला. हे थांबले. पडद्यावर अजून बस होती. मग त्यांनी डोळे मिटले.

"लेकरांना जेवू घाला आणि निवांत झोपा. मी जागा आहे."

मैनेने बटण दाबलं आणि काचेपलीकडे बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"मामा, हे वाक्य कागदात नाही. पेपरात छापलंच नव्हतं. गावातून वाचलेल्या दोन माणसांनी मला सांगितलं होतं, पण दोघांचे शब्द वेगळे होते म्हणून मी ते घेतलं नाही. तुला इतकं नेमकं कुठून माहीत?"

ह्यांनी हेडफोन काढले, घोडीवर ठेवले. नंतर लक्षात आलं की हेडफोन काढल्यावर तिचं बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून परत घातले. त्या घालण्या-काढण्याने माझं काळीज पिळवटलं.

"माझंच वाक्य आहे ते," ते आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाले. "त्या दिवशी मीच बोललो होतो, मैना." मग सचिवांची गाडी, बसलेला घसा, सह्यांचा कागद, सगळं सांगितलं.

ध्वनिमुद्रक समंजस होता. काही न बोलता उठला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मैना ओरडेल, आदळआपट करेल, असं मला वाटलं होतं. तिने चष्मा काढला, काचा ओढणीने पुसल्या, परत घातला आणि माझ्याकडे वळली.

"मामी, तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. आणि मग मला काय झालं कोण जाणे. ह्यांनी सगळं सांगून टाकलं, आता आपण एवढंसं तरी कशाला धरून ठेवायचं, असं वाटलं असेल. मी तिला फोनचं सांगितलं. आई बसमध्ये बसली होती, भाषण ऐकून उतरली, दुकानात फोन केला. चष्मा काढून ठेवू नकोस असं तुला सांगायला सांगितलं होतं. तू कशी दिसतेस ते तिला बघायचं होतं.

"मी कुठे होते?"

"आत. मालकांसमोर. चष्मा बसवून घेत होतीस."

"आतल्या खोलीत? पाच पावलांवर?"

काचेपलीकडे हे उभे होते. बटण सोडलेलं, त्यांना आमचं काही ऐकू येत नव्हतं. ते फक्त आमची तोंडं हलताना बघत होते.

"मामाचं मला कधीतरी कळेल," ती म्हणाली. "त्याला फसवलं होतं. तुला कुणीच फसवलं नव्हतं. आईचे शेवटचे शब्द तुझ्याकडे होते, अठ्ठावीस वर्षं. मी विचारायचे तुला. झोपताना विचारायचे, आई काही म्हणाली का गं? आणि तू नाही म्हणायचीस."

ते खरं होतं. ती रोज विचारायची. सात-आठ वर्षांची होईपर्यंत विचारत होती. मग तिने सोडून दिलं.

ती पर्स उचलून जिना चढून गेली. मी आणि हे बसने घरी आलो. उतरताना ह्यांनी मला हात दिला, एवढंच.

पुढचे चार महिने मैना आली नाही. रविवारी मी सवयीने तिघांचा स्वयंपाक करायची आणि सोमवारी तेच आम्ही खायचो. हे मात्र एकदा तोंड उघडल्यावर थांबायला तयार नव्हते. त्यांनी सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि एका वर्तमानपत्राला दिलं. ते छापून आलं. मला वाटलं, आता दारात पोलीस येतील. पोलीस आले नाहीत. सरकारने त्याहून सोपा मार्ग काढला. एका मंत्र्याने सांगितलं की हा गृहस्थ पेशाने नकलाकार आहे आणि सिनेमा चालावा म्हणून भाचीने त्याला उभा केलाय. संपलं. मग टीव्हीवाल्यांनी ह्यांना बोलावलं. हे चांगला शर्ट घालून गेले. चारशे सतरा माणसांची नावं असलेला कागद खिशात होता. सूत्रसंचालक म्हणाला, आधी जरा आवाज काढून दाखवा की. ह्यांनी भाषणाची दोन वाक्यं म्हटली. समोर बसलेल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा, पुन्हा, असा गलका झाला. खिशातला कागद बाहेर काढायची वेळच आली नाही. मी घरी टीव्हीसमोर बसले होते. ते टाळ्यांकडे बघत उभे होते, आणि मला त्यांचा तो चेहरा आजही दिसतो. पन्नास वर्षं ज्या टाळ्यांवर ह्या माणसाचा जीव होता, त्याच टाळ्या.

सिनेमा सरकारने अडवला आणि न्यायालयाने सोडवला. मैनेने आम्हाला बोलावलं नाही, आम्ही तिकीट काढून दुपारच्या खेळाला गेलो. तिने शेवट बदलला होता. टेकडीवरचा बंगला गेला होता. वार्ताहर बाई दोन खोल्यांच्या घरात जाते, तिथे एक साधा माणूस पुस्तक वाचत बसलेला असतो, आणि विचारण्याआधीच तो सगळं सांगून टाकतो. त्याला बायकोही दिली होती. त्या कामाला होती एक जाडसर, थकलेली नटी. तिच्या तोंडी सबंध सिनेमात एकच वाक्य होतं. "गप्प बसा." थिएटरमध्ये कुणीतरी तिला शिवी दिली. ह्यांनी अंधारात माझा हात शोधून धरला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. भाषणाच्या वेळी आमच्या मागच्या रांगेतली एक म्हातारी हमसून रडायला लागली. आजोबा, आजोबा, असं म्हणत होती. तिच्यासाठी ते अजून तेच होते. शेवटच्या पाट्यांमध्ये आवाजापुढे ह्यांचं नाव होतं, त्याखाली स्मरणार्थ म्हणून वन्संचं. मी वाचत राहिले. पाट्या संपल्या, दिवे लागले.

त्या हिवाळ्यात ह्यांच्या छातीत कफ धरला. दवाखान्यात ठेवावं लागलं. मी मैनेला कळवलं आणि ती तासाभरात आली. त्यानंतर रोज आली. दुपारी दोन ते सहा ती त्यांच्या उशाशी बसायची. मी खाली औषधं आणायला गेले, चहाला गेले की दोघांचं बोलणं चालू व्हायचं. जिन्यातून मला ते ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. एकदा दोघं हसलेसुद्धा. मी दारात आले की थांबायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण त्यांना ते मिळतंय ह्याचा मला आनंद होता. सतराव्या दिवशी सकाळी ते गेले. मैना तेव्हा खोलीत होती, मी घरी कपडे बदलायला आले होते. ते काही म्हणाले का, असं मी तिला विचारलं नाही. तो हक्क मी गमावला होता.

पुढचं सगळं तिनेच केलं. कागदपत्रं, माणसांना कळवणं, त्यांच्या टेपांची खोकी अंधांच्या शाळेत पोचवणं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा शस्त्रक्रियेला तीच घेऊन गेली, डोळ्यांत थेंब घालायला आठ दिवस येत राहिली. महिन्यातून एकदा अजून येते. खुर्चीवर बसते, गॅस आहे का, नळाला पाणी येतं का, ते विचारते. हातात वही नसते. गेल्या खेपेला उठताना दाराशी थांबली आणि म्हणाली, त्या फोनचं पुन्हा सांगाल का, पहिल्यापासून.

मी सांगितलं. बस, सासरे, मागची रांग, चष्मा. तिने ते दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना एका शब्दाचा फरक पडला तर तिने मला दुरुस्त केलं. मग चपला घातल्या.

"येते मामी," ती म्हणाली. "थेंब वेळेवर घाला. तुम्ही विसरता."

तिने मला कधी तुम्ही म्हटलेलं नव्हतं. त्या तळघरानंतर म्हणायला लागली, आणि अजून म्हणते. मी हो म्हणते आणि ती जिना उतरून जाईपर्यंत दारात उभी राहते.